ही बस ब्रेकवर चालते

जावईबापूंनी आयुष्यात दोनच गोष्टी छाती ठोकून सांगितल्या होत्या. पहिली लग्नाआधी, होणाऱ्या बायकोला: मला उत्तम पोहता येतं. ती बढाई पहिल्याच सहलीत बुडाली आणि तिच्यासोबत जावईबापूही बुडता बुडता वाचले. दुसरी सांगितली ती बसडेपोच्या बैठकीत, सगळ्या अधिकाऱ्यांसमोर, आणि इथे जे सांगायचं आहे ते त्या दुसरीबद्दल.

जावईबापू डेपोत इंजिनियर होते. डेपोतल्या बस विजेवर चालायच्या आणि सपाट रस्त्यावर त्यांच्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती टेकडीच्या फेरीची. बाजारातून निघालेली बस कालव्याच्या कडेने सरळ जायची, टेकडीच्या पायथ्याशी काटकोनात वळायची आणि तिथून वर दवाखान्यापर्यंत नुसता चढ. त्या वळणावर थांबून, दोन्हीकडे बघून मगच वळायचा नियम होता. म्हणजे चढ सुरू करायचा तो शून्यातून. भरलेली बस शून्यातून चढावर ओढायची तर बॅटरीला एकदम ढीगभर वीज बाहेर काढावी लागते आणि बॅटरीला असली घाई सोसत नाही. ती तापायची, तापली की हात आखडता घ्यायची, आणि मग अर्ध्या चढावर बस अशी रांगायची की दवाखान्यात निघालेले आजारी लोक खाली उतरून बसच्या पुढे चालत जायचे.

यावर तीन वर्षं खपून जावईबापूंनी एक पेटी बनवली. पेटीत सुपरकपॅसिटर होते. हे नाव ऐकून डेपोच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, तेव्हा जावईबापूंनी सोपं करून सांगितलं. बॅटरी म्हणजे कोठीची खोली. माल भरपूर, पण आत जा, दिवा लावा, डबा शोधा. ही पेटी म्हणजे खिसा. माल थोडा, पण हात घातला की हाताला लागतो. ड्रायव्हरने ब्रेक मारला की मोटर उलटी राबून वीज परत देते, ती खिशात पडते. चढ आला की खिशातली वीज झटक्यात बाहेर येते आणि बॅटरी मागून आपल्या चालीने येते. तापायचं काही कारणच उरत नाही.

"आणि खिसा रिकामा असला तर? बॅटरीतून भरणार?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एक थेंबही नाही," जावईबापू म्हणाले. "नाहीतरी ब्रेकमध्ये जी वीज फुकट जाते, तिच्यावरच ही पेटी जगेल."

टाळ्या पडल्या. ज्याला सवय नाही अशा माणसासाठी टाळ्या फार वाईट. जावईबापूंनी त्याच दिवशी पेटीच्या प्रोग्राममध्ये एक खास ओळ घातली, की बॅटरीतून खिशात काहीही घ्यायचं नाही, मेलं तरी नाही. वर डेपोच्या रंगाऱ्याला गाठून बसच्या दोन्ही अंगांना हातभर पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं: ही बस ब्रेकवर चालते.

सरावाच्या फेऱ्या ज्या तरुण ड्रायव्हरने केल्या त्याला डेपोत दणका म्हणत. दणका ब्रेक मारायचा तो दार आपटल्यासारखा. त्याच्या हातात खिसा कायम तुडुंब. खिसा किती भरलाय ते ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर दहा हिरव्या पट्ट्यांनी दिसायचं, दणक्याच्या फेरीत पायथ्याला पोचेपर्यंत त्यातली एकही विझलेली नसायची, आणि बस टेकडी अशी चढायची की पुढच्या बाकांवर माणसांऐवजी ठेवलेल्या वाळूच्या गोण्या मागच्या दारापर्यंत जायच्या. जावईबापू त्या दिवसांत घरी शीळ घालत फिरत.

मग मोठ्या बाईंनी फर्मान काढलं. खरी परीक्षा शुक्रवारी, गोण्या नाहीत, खरी माणसं, नेहमीची फेरी. त्या स्वतः पुढच्या बाकावर बसणार. पेटी पास झाली तर टेकडीच्या सगळ्या बसना लागेल. नापास झाली तर उतरवून भंगारात, आणि जावईबापू परत आपल्या जुन्या कामावर, म्हणजे वायपर आणि दारांच्या रबरांवर.

"आणि गाडी दणका नाही चालवणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "जी रोज टेकडीवर जाते तीच चालवेल. मखमलबाई."

त्या दिवसापासून जावईबापूंची शीळ बंद झाली. मखमलबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई.

सासूबाईंना मखमल हे नाव उगाच पडलं नव्हतं. त्यांच्या बसमध्ये उभ्या माणसाला दांडा धरावा लागत नसे. बायका सुईत दोरा ओवायला त्यांची बस धरत असं लोक म्हणत, आणि त्यात चेष्टा थोडी आणि सत्य जास्त होतं. याचं कारण, सासूबाई ब्रेक मारतच नसत. थांबा यायच्या कितीतरी आधी त्या अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलत आणि बसला सोडून देत. बस हळूहळू निवत जायची आणि नेमकी खांबाशी येऊन उभी राहायची. "गाडी आपल्या पायांनी थांब्यावर आली पाहिजे," असं त्या म्हणत. ब्रेकचं पेडल त्यांच्या मते नवशिक्यांसाठी होतं, आणि आडव्या येणाऱ्या कुत्र्यांसाठी.

पूर्वी या बसमध्ये नुसता पाय उचलला तरी मोटर थोडी वीज परत घ्यायची. सासूबाईंनी भर बैठकीत तक्रार केली होती की पाय उचलला की गाडी नाक मुरडते. तेव्हा सगळ्या गाड्यांमधली ती सोय बंद करण्यात आली. बंद कुणी केली, हे विचारू नये. सासूबाईंची तक्रार दुपारी आली आणि संध्याकाळच्या आत जावईबापूंनी ती निकालात काढली.

कारण सासूबाईंपुढे जावईबापूंना तोंड नव्हतं. तसं त्या घरात कुणालाच नव्हतं. सासूबाई कुणावर ओरडत नसत, फक्त बघत. आणि बघताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की आपणच चुकून उलट्या बाजूने रस्त्यावर शिरलोय असं समोरच्याला वाटावं. दर रविवारी जावई आणि लेक त्यांच्याकडे जेवायला जात. सासूबाईंच्या हाताला मीठ कमी. भाजीला कमी, भाताला तर नाहीच. पण इतक्या वर्षांत एकाही माणसाने त्यांच्या टेबलावर मीठ मागितलं नव्हतं. जावईबापूंची बायको पर्समध्ये मिठाची पुडी बाळगायची, टेबलाखालून ती आधी नवऱ्याकडे आणि मग भावाकडे जायची, आणि सासूबाई मागे वळल्या की तिघांच्या बोटांची चिमूट ताटावर पडायची. जेवण झाल्यावर तिघेही एका सुरात म्हणत, काय चव आहे.

परीक्षेच्या आधी सासूबाईंनी रिकामी बस एकदा फिरवून बघितली. जावईबापू मागे बसले होते. निघताना दहा पट्ट्या होत्या. प्रत्येक थांब्यावरून गाडी सुटताना दोन दोन विझल्या, आणि परत एकही पेटली नाही, कारण ब्रेक नावाला लागला नाही. टेकडीच्या वळणापर्यंत पडदा काळाकुट्ट झाला होता. सासूबाई उतरल्या, बसच्या अंगावरची पिवळी अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "ब्रेकवर? असो. गाडी चांगली आहे हो तुमची, जावईबापू. जरा सुस्त आहे."

जावईबापू "हो आई" म्हणाले.

त्या संध्याकाळी ते बायकोच्या केस कापायच्या दुकानात जाऊन बसले. दुकान टेकडीच्या फेरीच्या रस्त्यावरच होतं. मेव्हणाही तिथे होता. तो नळदुरुस्तीची कामं करायचा, आणि कामं नसली की बहिणीच्या दुकानात फिरत्या खुर्चीवर गिरक्या घ्यायचा.

"पायथ्याशी निदान सहा पट्ट्या पाहिजेत," जावईबापू म्हणाले. "त्याशिवाय मेलो."

"मग आईला सांग ना, जरा जोरात ब्रेक मार म्हणून," बायको म्हणाली.

"तू सांग. तुझी आई आहे."

बायकोने कात्री पुसली, पुन्हा पुसली. "ए, तू सांग रे," ती भावाला म्हणाली.

मेव्हण्याची गिरकी थांबली. "मी एकदा तिला म्हणालो होतो, सायकल जरा तिरकी लावलीयेस. पंधरा दिवस माझ्याकडे बघत होती. भावोजी, तुम्ही ती तुमची ओळ का नाही बदलत? सपाट रस्त्यावर बॅटरीतून थोडं थोडं खिशात टाकायचं. संपलं."

हे अगदी खरं होतं. दहा मिनिटांचं काम होतं आणि ते जावईबापूंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"आणि बसवर लिहिलंय त्याचं काय?" ते म्हणाले. "बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं त्याचं काय? एक थेंबही नाही म्हणालोय मी."

म्हणजे ओळ बदलायची तर नाक कापलं जाणार, आणि सासूबाईंना सांगायचं तर जीवच जाणार. अशा वेळी शहाणा माणूस दोन्हींतलं कमी वाईट निवडतो. या तिघांनी तिसरंच निवडलं, आणि ते सुचलं बायकोला.

या रस्त्यावर कुणी हात केला तरच बस थांबायची. सासूबाई लांबून माणूस बघत आणि लांबूनच पाय उचलत. पण समजा माणूस दिसलाच नाही? समजा तो खांबामागे, पेपरच्या टपरीमागे दबा धरून बसला, आणि बस अगदी पुढ्यात आल्यावर हात करत बाहेर आला? मग मखमल असो की गोणपाट, ब्रेक मारावाच लागेल.

"माणसं कुठून आणायची?" जावईबापूंनी विचारलं.

बायकोने खुर्च्यांवर बसलेल्या गिऱ्हाइकांकडे नजर फिरवली. एकाच्या अर्ध्या गालाला साबण होता. एकीच्या डोक्यावर केसांच्या रंगाचा जांभळा लगदा आणि वर प्लास्टिकची टोपी होती. सगळे कान देऊन ऐकत होते आणि सगळ्यांचे डोळे चमकत होते. मखमलबाईंना ब्रेक मारायला लावायचा म्हटल्यावर त्या रस्त्यावर माणसांना काय तोटा.

शुक्रवारी सकाळी बस वेळेवर निघाली. मोठ्या बाई पांढरा शर्ट घालून पुढच्या बाकावर, त्यांच्या मागे जावईबापू मांडीवर लॅपटॉप घेऊन. मेव्हणा मागच्या दाराजवळ घंटीचं बटण राखून उभा होता. एरवीचे प्रवासी आपापल्या तंद्रीत होते. सुटताना खिसा मुद्दाम रिकामा ठेवला होता, परीक्षेला खोट नको म्हणून. तो रिकामा ठेवायची कल्पनाही जावईबापूंचीच.

पहिल्या थांब्याशी बस आली तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. सासूबाईंनी वेग तसाच ठेवला. आणि खांब अगदी हातभर राहिलेला असताना टपरीमागून दुकानातला कारागीर कंगवा उंचावत बाहेर आला. बस थांबली. दांडे न धरलेले सगळे एक पाऊल पुढे गेले. त्या बसमधल्या माणसांनी असं काही कधी अनुभवलं नव्हतं, ते एकमेकांकडे बघू लागले. पडद्यावर तीन हिरव्या पट्ट्या उमटल्या.

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. मग बस सुटली, आणि सुटताना तीनपैकी दोन विझल्या. गाडी थांबली की ती पुन्हा हलवावी लागते आणि हलवायला खिसाच रिकामा होतो, हे त्यांनी स्वतः तीन वर्षं लोकांना समजावलं होतं. आनंदाच्या भरात ते त्यांना स्वतःला आठवलं नव्हतं इतकंच.

दुसऱ्या थांब्याला मेव्हण्याने ऐन वेळी घंटी दाबली. पुन्हा ब्रेक, पुन्हा तीन पट्ट्या.

सासूबाईंनी आरशात बघितलं. कामावर असताना त्या सगळ्यांना अहो म्हणत, पोटच्या पोरालाही. "कुणी वाजवली? तुम्ही? उतरा मग."

"चुकून वाजली," मेव्हणा म्हणाला.

"चुकून नाही वाजत. उतरा."

मेव्हणा उतरला. पण तो नळवाला, त्याला शहरातल्या सगळ्या बोळकांड्या पाठ. दोन थांबे पुढे तोच खांबामागून धापा टाकत हात करत बाहेर आला.

"पुन्हा तुम्हीच?" सासूबाई म्हणाल्या आणि दार उघडून थांबल्या. "या."

इथून पुढे सगळं बिनसत गेलं. लोकांना आज काहीतरी झालंय हे सासूबाईंच्या ध्यानात आलं होतं, आणि त्यावर त्यांनी त्यांच्या पद्धतीने उपाय काढला. प्रत्येक खांब, प्रत्येक टपरी, प्रत्येक झाड दिसलं की त्या आधीच पाय उचलू लागल्या. बस मुंगीच्या पावलांनी खांबापाशी यायची, दबा धरून बसलेला माणूस हात करून बाहेर यायचा, तोवर ती त्याच्यासमोर अलगद उभी असायची. ब्रेकचा प्रश्नच नव्हता. मात्र सुटताना प्रत्येक वेळी पट्टी विझायचीच.

आणि ज्याने हात केला तो सुटत नव्हता. साबण लावलेला माणूस म्हणाला, "मी आपला सहज हात केला, मला कुठे जायचं नाहीये."

"हात केलात ना? चढा," सासूबाई म्हणाल्या.

तो चढला. जांभळ्या टोपीवाली चढली. तिच्या मागे गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलेले दोघे चढले. एका थांब्यावर तर खुद्द जावईबापूंची बायको हातात कात्री घेऊन उभी होती. तिने आईकडे बघितलं, आईने तिच्याकडे बघितलं, आणि ती चढून नवऱ्याशेजारी उभी राहिली.

"आज गर्दी बरीच आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"शुक्रवार आहे," जावईबापू म्हणाले. शुक्रवारचा आणि गर्दीचा काय संबंध हे त्यांनाही माहीत नव्हतं. पडदा काळा होता. जी बस अर्धी भरून टेकडीला जाणार होती ती आता त्यांच्याच माणसांनी खचाखच भरली होती. रिकाम्या खिशाने एवढं ओझं चढावर न्यायचं म्हणजे चढावरच्या दुसऱ्या वळणावर बॅटरी तापणार, तिचा पिवळा दिवा लागणार आणि सगळे उतरून चालू लागणार, सर्वांत पुढे मोठ्या बाई.

कालव्याच्या कडेचा सरळ रस्ता लागायच्या आधी एक थांबा होता. तिथे कुणीही हात केला नव्हता, कारण हात करायला कुणी उरलंच नव्हतं. तरी सासूबाईंनी बस बाजूला घेतली, थांबवली आणि हँडब्रेक ओढला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या आरशात बघत बसल्या. आरशात त्यांना लेक दिसत होती, लेक म्हणवणारा नळवाला दिसत होता आणि लेकीचं अख्खं दुकान दिसत होतं.

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. "काय झालं?"

"मला काही झालेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "कुणाला काही सांगायचं असेल म्हणून थांबलेय."

बसमधल्या सगळ्या माना जावईबापूंकडे वळल्या. बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. जावईबापू उठले. ड्रायव्हरच्या जागेपर्यंत चार पावलं असतील, पण जावईबापूंनी ती, त्या सहलीत पाण्यात उतरले होते तशी, एकेक करून टाकली.

"आई," ते म्हणाले.

"गाडीत आई नाही."

"ड्रायव्हरबाई. एक विनंती होती." त्यांनी काचेतून पुढे बोट दाखवलं. "हा सरळ रस्ता आहे ना. तो संपेपर्यंत पाय उचलू नका. आणि वळणाच्या रेषेशी ब्रेक मारा."

"किती?"

"जोरात. दणका मारतो तसा."

साबणवाल्याने डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी मान वळवून जावयाकडे बघितलं, तसंच, ज्या बघण्याला सगळं घर भीत होतं. पण जावईबापूंना पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसलं की त्या बघण्यात राग नव्हता. त्या नुसत्या वाट बघत होत्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मग आधी सांगायचं की. एवढी माणसं कशाला कामाला लावलीत?"

"धीर झाला नाही."

"इतकी वर्षं घरात येताय, आज पहिल्यांदा काहीतरी मागितलंत," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या थांब्यापासून वाट बघतेय, आता येईल, आता येईल. म्हणून तर सगळ्यांना चढवून घेतलं. म्हटलं, गाडी जड झाली की तोंड उघडेल." त्यांनी हँडब्रेक सोडला आणि मोठ्याने म्हणाल्या, "मंडळी, धरून बसा. हात करणाऱ्यांनी जरा जास्तच घट्ट धरा."

कालव्याचा रस्ता सुरू झाला. झाडं मागे पळू लागली. नेहमी जिथे सासूबाईंचा पाय उचलला जायचा ते रस्त्याकडेचं पिंप गेलं, मग दगडी कठडा गेला, मग पाटी गेली, आणि बसचा वेग तसाच. टेकडीचं वळण समोर मोठं होत आलं. जावईबापूंना वाटलं की सासूबाईंना ब्रेक कसा मारतात ते आठवत नसावं. मग त्यांनी तो मारला.

दणक्याने सुद्धा टोपी काढून ठेवावी असा ब्रेक होता तो. मेव्हणा साबणवाल्याच्या कुशीत गेला. साबण मेव्हण्याच्या कानात गेला. बायकोची कात्री सुटून बाकाखाली गेली. जांभळ्या टोपीवाली टोपीतून निसटली आणि तिचं डोकं मोठ्या बाईंच्या पांढऱ्या खांद्यावर जाऊन विसावलं. बस मात्र पांढऱ्या रेषेच्या बरोबर अलीकडे उभी होती, एक बोटही पुढे नाही.

आणि पडद्यावर आठ हिरव्या पट्ट्या पेटल्या होत्या.

बस वळली आणि चढाला लागली. खिशातून वीज अशी आली की एवढ्या माणसांचं ओझं जणू कालव्यात टाकून दिलं होतं. पहिलं वळण, दुसरं वळण. पट्ट्या एकेक करून विझत होत्या, बॅटरी मागून शांतपणे येत होती, आणि पिवळा दिवा काही लागला नाही. दवाखान्याच्या फाटकाशी शेवटची पट्टी विझली तेव्हा सासूबाईंचा पाय केव्हाच उचललेला होता, आणि बस आपल्या पायांनी चालत थांब्यावर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावईबापूंनी या खेपेला टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही.

मोठ्या बाई उतरल्या. त्यांच्या खांद्यावर जांभळ्या रंगाचा मोठा डाग होता. त्यांनी तो बघितला, बसच्या अंगावरची अक्षरं बघितली आणि जावईबापूंना जवळ बोलावलं.

"पेटी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "चढ चढली. पण रोज ब्रेक मारण्यासाठी मी अख्खं केशकर्तनालय बसमध्ये बसवू शकत नाही. चांगला ड्रायव्हर असला की बंद पडते, ही कसली पेटी?"

"एक ओळ बदलायची आहे," जावईबापू म्हणाले. "सपाटीवर बॅटरीतून थोडं थोडं भरून घ्यायचं. दहा मिनिटांचं काम आहे."

"हे कधी सुचलं?"

जावईबापूंनी एकदा सासूबाईंकडे बघितलं. "पहिल्या दिवशीच. पण तुमच्यासमोर बोलून बसलो होतो."

"मग बदला," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि सगळ्या बसना पेट्या लावा. अक्षरं पुसून घ्या. शर्टाचं काय करायचं ते तुमच्या बायकोला विचारते, तिला रंगातलं कळत असेल."

त्या रविवारी जावईबापू आणि बायको नेहमीप्रमाणे सासूबाईंकडे जेवायला गेले. मेव्हणाही होता, कानातला साबण अजून निघाला नाही अशी तक्रार करत. भोपळ्याची भाजी होती. जावईबापूंनी घास घेतला. भाजीत भोपळा होता, बाकी काही नव्हतं. टेबलाखालून बायकोचा हात पुडी घेऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला.

जावईबापूंनी तो हात हळूच बाजूला सारला.

"आई," ते म्हणाले, "जरा मीठ द्याल का?"

मेव्हण्याचा घास हवेत राहिला. सासूबाईंनी मान वर केली.

"कमी आहे?"

"हो."

"आजच?"

आता माघार घ्यायची तरी कशी? तेवढ्यात मेव्हण्याने ताट पुढे सरकवलं. "मलाही दे," तो खाली बघून म्हणाला. बायकोने टेबलाखालून हात वर काढला आणि मिठाची पुडी सगळ्यांच्या मधोमध ठेवली. कागद बोटांनी मळून मऊ झाला होता.

सासूबाईंनी पुडी उघडून बघितली. "किती वर्षं?"

"शाळेत होते तेव्हापासून," लेक म्हणाली.

सासूबाई लेकीकडे बघत राहिल्या, मग मुलाकडे, मग जावयाकडे. या वेळी मात्र कुणालाही आपण उलट्या बाजूने रस्त्यावर शिरलोय असं वाटलं नाही. आधी सांगायचं की, असं त्या म्हणतील म्हणून तिघेही थांबले होते. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्या उठून मिठाची बरणी घेऊन आल्या, आधी स्वतःच्या भाजीत चिमूटभर घातलं, चाखलं, मग आणखी एक चिमूट घातली. आणि मगच त्यांनी बरणी टेबलावरून जावईबापूंकडे सरकवली. ती हळूहळू निवत आली आणि त्यांच्या ताटाच्या कडेशी अलगद उभी राहिली.